तिनाचा आठ

देवळालीच्या सोराबशेठनं फडक्यातून पिस्तूल काढलं,
माझ्या ऐरणीशेजारी ठेवलं.
"दीडशे वर्षांचं आहे. नंबर बघ जरा."

मी तांबट आळीतला, भांड्यांवर नावं घालणारा.
पिस्तुलाला हात आयुष्यात पहिल्यांदा.
दिव्याखाली धरलं आडवं, मग तिरकं.

चार आकडे जुने, कडा झिजून गोल.
पाचवा आठ.
त्याची उजवी बाजू तशीच झिजलेली,
डावी अजून नखाला लागते.
आणि तिथंच लोखंड किंचित बसलंय,
उशीवरून कुणी नुकतंच उठावं तसं.

"तीन होता," मी म्हणालो.
"छिन्नीनं मिटवला, वर कानस फिरवली.
मुठीवरच्या आकड्याशी जोडी जुळवायला."

शेठ गप्प.
मोजलेले पैसे आठवत असावेत.

मला आठवला रविवार कारंज्याकडचा एक माणूस,
हंडा आणि सहा वाट्या घेऊन आलेला.
"शेवंता खोड. इंदुमती घाल."
घातलं.
खोडायचे दोन रुपये वेगळे घेतले.

हंडा असेल अजून कुठंतरी.
घासताना इंदुमतीच्या बोटाला
शेवंताचा काना लागत असेल.