शेवटची चार घरं

तसली गिटार नवी घ्यायची तर
माझे चार पगार. मी मिरजेत एक्स-रे काढतो,
दिवसाला साठ-सत्तर: छात्या, गुडघे, मणके.
म्हणून सांगलीच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून
नुसती मान आणली, नऊशे रुपयांना.
पोत्यात गुंडाळून, एसटीत, मांडीवर आडवी.
कंडक्टरने विचारलं, बॅट का?
म्हटलं, तसंच काहीतरी.

दोन पडद्यांमधलं लाकूड
होडीच्या पोटासारखं खोल करायचं होतं.
मग म्हणे बोटाला फक्त तार लागते,
लाकूड लागतच नाही,
आणि तार ओढावी तेवढी येते.
म्हणे. माझ्या हाताला त्यातलं काय ठाऊक?

दस्तगीरचाचांच्या दुकानात
भोपळे टांगलेले, रेडिओवर कांद्याचे भाव.
त्यांनी मान डोळ्याशी नेली,
बंदुकीचा नेम धरतात तशी.
"वाकली नाही. चांगल्या घरची आहे."
मग म्हणाले, "बावीसच्या बावीस कशाला खोदतोस?
शेवटची चार खोद.
वाया गेली तर अठरा आहेत की."

कानस त्यांचीच. अर्धगोल, वडिलांच्या वेळची,
मुठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
पडद्यांवर चिकटपट्टी लावली आणि बसलो घासत.
चाचा माझ्याकडे बघत नव्हते,
ते एका सतारीची जवारी काढत होते,
पण कानसेचा आवाज जरा बदलला
की मान न वळवता म्हणायचे,
"खोल चाललास."

एकोणिसाव्या घरातला पांढरा ठिपका
आधी पातळ झाला,
मग त्याच्यातून लाकूड दिसायला लागलं,
मग गेलाच.
मला उगाच वाईट वाटलं.
काळा भुगा नाकात, पापण्यांवर, चहाच्या सायीवर.

त्याच सकाळी एका बाईचा मणका पाहिला होता.
दोन हाडांमधली जागा संपलेली,
बाईला वाकून चप्पल घालता येत नव्हती.
जागा असेल तर वाकतं.
हे तेव्हा सुचलं नव्हतं,
आत्ता लिहिताना सुचलं,
आणि जरा जास्तच सोयीचं वाटतंय.

चार स्क्रूंनी मान जुन्या धडावर बसवली.
खोलीवर अँप लावला, वाजवलं.
बेसूर.
अठरा घरं बरोबर, शेवटची चार चढलेली,
भांडणात बाईमाणसाचा नव्हे, आपलाच आवाज चढावा तशी.
नऊशे रुपये गेले, वर सहा रविवार.

चाचांकडे गेलो. त्यांनी गिटार आडवी न धरता
सतारीसारखी उभट धरली,
तर्जनी ठेवली विसाव्या घरात.
त्या बोटाला तारेची खाच पडलीय,
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सतारी तपासून.
सूर नीट लागला.
"दाबतोस कशाला? ती काय पळून जाणारे?"
मग तार बाजूला ओढली,
आणि सूर चढत गेला, चढत गेला,
पुढे पडदा नव्हता तिथपर्यंत.
रेडिओवाल्याचा कांदा मधेच राहिला.
चाचा स्वतःच हसले. "अरे वा," म्हणाले, गिटारला.

अकरा वर्षं मी लोकांचे खांदे पाटीवर दाबतोय,
श्वास रोखा, हलू नका.
हाताला तेवढंच येतं.
आता रात्री जेवण झाल्यावर
चार घरांत बोट टेकवायला शिकतो.
टेकवायचं म्हणजे दाबायचं नाही.
अठरावं संपून एकोणिसावं लागतं तिथे
अजून अडखळतो,
अंधारात जिन्याची पायरी
आहे असं वाटून नसते, तसा.

पैसे किती, विचारलं होतं.
कानस तेवढी परत आण, म्हणाले.

दोन महिने झाले.
कानस माझ्याकडेच आहे.
काल सतराव्या आणि अठराव्या पडद्यावर
चिकटपट्टी लावून ठेवली,
नुसती.