बाजूला

न्यूकॅसलच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
कॅलम नावाच्या पोरसवद्या तंत्रज्ञानं
शिशाची डबी उघडली
आणि लांब चिमट्यानं एक गोळी
माझ्या कागदी पेल्यात टाकली.
"पाण्याबरोबर घ्या. चावू नका."
मग दाराशी जाऊन उभा राहिला,
तिथून माझ्यावर यंत्र रोखलं.
ते तडतडलं,
तापल्या तेलात मोहरी पडावी तसं.

गळ्यातल्या उरल्यासुरल्या पेशींना
आयोडीनची हाव.
ती हाव हेरूनच हे आत जातं म्हणे,
आमंत्रण असल्यासारखं.

नळाला प्लास्टिक, फोनला प्लास्टिक,
संडासात दोनदा पाणी सोडायचं,
आणि दिवसभर चघळायला लिंबाच्या आंबट गोळ्या.

मला वाईची काकू आठवली.
महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची,
ताट वेगळं, चटई वेगळी,
मी धावत जाऊन मांडीवर पडले
की मला आंघोळ.
तिच्यातून काय निघत होतं
ते कुणी कधी मोजलं नाही.
किती हात लांब, किती वेळ,
विचारायची सोयच नव्हती.
शिवू नकोस, एवढंच.

इथे दारावर कागद होता:
एक मीटरवर किती, दोन मीटरवर किती.
कॅलम रोज सकाळी कालचा आकडा खोडायचा
आणि शेजारी लहान आकडा लिहायचा.
मी बाजूलाच बसले होते,
पण माझ्या बाजूला बसण्याला
उतार होता.

सुहास खुर्ची घेऊन दाराबाहेर.
तेवीस वर्षं सेलाफील्डला,
जुनी तळी उपसणाऱ्या माणसांत.
रोज संध्याकाळी फाटकावरच्या यंत्रात
हात घालतो, पाय ठेवतो,
हिरवा दिवा लागला की घरी.
लग्न ठरलं तेव्हा आईनं दबक्या आवाजात विचारलं होतं,
"जावयाच्या अंगाला काही येत तर नाही ना?"
तेवीस वर्षांत बुटाच्या तळव्याला चिकटूनही
काही आलं नाही.
आता तो म्हणाला, "कामावर लेखी कळवलंय.
तुझा घाम माझ्या बाहीला लागला
तर फाटक बोंब मारेल,
आणि अख्खी पाळी शोधत बसेल
की गळती कुठे."
मग हसला. मग हसला नाही.

घरी जाताना मी मागच्या सीटवर, डाव्या कोपऱ्यात.
जुई शेजारी, मिसेस मॉसपकडे, पंधरा दिवस.
अंगणात तिनं खडूनं रेघ ओढली होती:
इकडे आई, तिकडे मी.

मिसेस मॉसप कुंपणापलीकडून बोलल्या.
"सात वर्षांची होते. ऑक्टोबर.
तिथल्या भट्टीला आग लागली,
आम्हाला तीन दिवसांनी कळलं.
बाप दूध काढायचा आणि ओढ्यात ओतायचा.
गायींना थांब म्हणता येत नाही ना.
ओढा पांढरा, काठावर आमची मांजर,
बापाकडे बघायची, दुधाकडे बघायची.
किती वाहिलं, काय होतं त्यात,
आम्ही विचारायचो.
ते सांगायचे, पण पुरतं नाही."

"आयोडीन होतं," मी म्हटलं.
"मी गिळलंय ना, तेच."

त्या बराच वेळ समुद्राकडे बघत राहिल्या.
माझ्या मनात आलं, आता आत जातील,
जुईला घेऊन दार लावून घेतील,
आणि ते चुकीचंही ठरणार नाही.
"त्यांनी मोजलं तुला?"
"रोज. कागद आहे, दाखवू?"
"तिथूनच धर."
चष्मा कपाळावरून खाली घेऊन
त्यांनी आकडे वाचले,
खोडलेलेसुद्धा.

संध्याकाळी कुंपणाच्या दगडी भिंतीवर
दुधाची बाटली ठेवली
आणि पावलं मोजत मागे सरकल्या,
एक, दोन, तीन, तोंडानं मोठ्यानं.
मी पुढे झाले.
काच गार होती.
पलीकडे जुई विचारत होती,
आज रेघ किती सरकवायची?