गाळलेलं अक्षर

खासदारबाईंना पत्र लिहायला बसलो
तर फोननं पहिल्याच ओळीत माझं इंग्रजी सुधारलं.
'नेबर' लिहिलं होतं, आमच्या पद्धतीनं, 'यू' घालून.
त्यानं खाली लाल रेघ ओढली
आणि मी चष्मा पुसेपर्यंत
'यू' काढूनही टाकला.

उच्चारात नसतोच तो. मान्य.
पण याच गावात, सस्कॅचवानच्या या सपाटीवर,
मिस कॅल्डरनी त्या 'यू'साठी
माझ्या बोटांवर पट्टी मारली होती:
"सीमेपलीकडचे गाळतात. आपण नाही गाळत."
देश म्हणजे काय, हे मला
त्याहून थोडक्यात पुढे कुणी सांगितलं नाही.

पत्र खरं तर कापणीयंत्राबद्दल होतं.
साडेचार लाख डॉलर मोजले,
आणि ऐन सप्टेंबरात, गहू उभा असताना,
पडद्यावर आलं: अधिकृत तंत्रज्ञाशी संपर्क साधा.
पाना माझ्या हातात, यंत्र माझ्या शेतात,
बिघाडही मला ऐकू येत होता, डाव्या बेअरिंगचा.
कुलूप तेवढं त्यांचं.
तंत्रज्ञ आला तिसऱ्या दिवशी, गारा पडून गेल्यावर.
लॅपटॉप जोडला, एक बटण दाबलं,
नऊशे डॉलर घेतले.

मी जन्मभर एकाच पक्षाला मत दिलं.
कारण साधं: माझं ते माझं,
आणि सरकारनं जे बोलायचं ते कुंपणापलीकडून बोलावं.
आता कुंपणाच्या आत जे येऊन बसलेत
ते मत मागायलाही येत नाहीत,
आणि माझ्याच पक्षाची पोरं सांगतात,
ओरेस्ट, याला बाजार म्हणतात.
बाजार मला माहीत आहे.
बाजारात विकलेली गाय
जुन्या मालकाचं ऐकून दूध आटवत नाही.

रविवारी नात आली, डेलिया.
तिनं फोनच्या पोटात शिरून यादी दाखवली:
इंग्रजी, अमेरिकेचं. ब्रिटनचं. ऑस्ट्रेलियाचं.
"आपलंही आहे, आजोबा. जरा खाली."
सापडलं. निवडलं. 'यू' परत आला.
लाज वाटावी इतका आनंद झाला मला.
गुरुवारी रात्री फोननं स्वतःला अद्ययावत केलं
आणि शुक्रवारी सकाळी
मी पुन्हा सीमेपलीकडे.

ज्याच्याबद्दल तो शब्द लिहीत होतो
तो हरकीरत, शेजारचा, ट्रक चालवतो.
तीन हिवाळे झाले त्याला.
तो आला तेव्हा कॉफीच्या टेबलावर मी जे बोललो
ते इथे लिहीत नाही. सगळं मागेही घेत नाही.
त्याचा ट्रक उणे तीसमध्ये
सेन्सर सांगतो म्हणून रस्त्यातच बंद पडतो,
आणि तो नेबर 'यू' घालून लिहितो.
त्याच्या शाळेतही पट्टी होती म्हणे.
हे कुठे ठेवावं मला कळत नाही.

माझे आजोबा हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर उतरले
तेव्हा ह्लुश्को होते.
कारकुनाची जीभ 'ह'वर अडखळली.
त्यानं तो गाळला, शिक्का मारला,
पुढच्याला बोलावलं.
आजोबा काही बोलले नाहीत. एकशे साठ एकर मिळत होते.
तेव्हापासून आम्ही लुश्को.
एका 'यू'पायी ज्या देशासाठी मी रात्री जागतो
त्यानंच तो 'ह' घेतला. पावतीसुद्धा नाही.

पत्राखाली नाव घालताना
कधी नव्हे ते जुनं टंकून पाहिलं.
लाल रेघ.
मग आताचं.
त्याखालीही.
शब्दकोशात घालायचं का, फोन विचारतो,
अगदी अदबीनं.

दार वाजतंय. हरकीरतची बॅटरी असणार.
जम्पर केबल खुंटीवर आहे, माझ्या बापाची,
तिला कुणाची परवानगी लागत नाही.
पत्र तसंच राहू दे.
आधी बूट सापडायला हवेत.