दोन नंबरचा जनरेटर

बोट धक्क्याला लागली की मोठी इंजिनं झोपतात.
दोन नंबरचा जनरेटर जागा राहतो.
राहावंच लागतं त्याला,
वर कॅफेत दुधाचे फ्रीज आहेत,
गाड्यांच्या डेकवर पंखे,
शिवाय खिओसला निघालेली टरबुजं, गारव्याच्या ट्रकात.
किनाऱ्यावरून वीज देणारी केबल
येणार, येणार, असं ऐकतोय
अर्गिरो जन्मायच्या आधीपासून.
अर्गिरो आता सात वर्षांची आहे.

पिरेयसच्या बंदरात शिरताना डावीकडे बघितलं
की द्रापेत्सोनाच्या चढावर आमची बाल्कनी दिसते.
तेलाच्या डब्यात लावलेला सब्जा,
एक पांढरी खुर्ची,
आणि सासूबाईंनी टांगलेला निळा काचेचा डोळा,
पोरीला कुणाची नजर लागू नये म्हणून.
दर रविवारी तो पुसावा लागतो.
नाही पुसला तर त्याला मोतीबिंदू होतो, काळा.

सकाळी सहाला चीफ मला दोन मिनिटं वर सोडतो.
मी टॉर्च तीनदा लावतो.
ती दार उघडून, पायजम्यातच,
ओट्यावरचं फडकं हलवते.
वारा समुद्राकडून असला तर
माझ्या आधी माझा धूर घरी पोचतो.

कलिओपी ओरडते, दार लाव.
पोरगी म्हणते, अगं, पण बाबा आलाय ना.
उरलेलं वाक्य खोकल्यात जातं.

निकेयाच्या इस्पितळात डॉक्टर ख्रिसाफींनी
तिच्या तोंडात नळी दिली.
फुंक, फुंक, अजून, अजून, अजून,
संपलं वाटलं तरी फुंक.
पडद्यावर एक टेकडी उठली
आणि उतरताना मधेच आत खचली.
डॉक्टर समजावून सांगायला लागल्या.
मी म्हणालो, कळलं.
असले आलेख मी रोज काढतो,
एकेका सिलिंडरचा:
दाब कुठे चढला, कुठे गळला.
रेघ खचली की मी बघून सांगतो
इंजेक्टर तुंबलाय की व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये.
मग पाना घेतो. उघडतो, घासतो, बसवतो.

हे उघडता येत नाही.

घरात कुणी सिगारेट ओढतं?
नाही, आम्ही दोघं एकदम म्हणालो.
तुम्ही काम काय करता?
मी हात टेबलाखाली घेतले.

कॉफीच्या दुकानात म्हातारा आनेस्तिस बसतो,
चाळीस वर्षं बॉयलरपुढे काढलेला.
तो म्हणतो, ज्या धुरावर जेवलो
त्याला नावं ठेवू नयेत.
आणि रुमालात खोकतो,
आणि रुमाल न बघताच घडी करून ठेवतो.
त्याचंही खोटं नाही.
आमच्या घरची चूल बंदरातल्या त्या धुराड्यानेच पेटते.
अर्गिरोचा निळा पंपसुद्धा
माझ्याच पगारातून येतो.

रात्री फोनवर तिची धाप ऐकतो.
दम धर, बाळा, म्हणतो,
आणि जीभ चावतो.
कसला धरणार दम,
सात वर्षांच्या छातीत, चिमटीत मावेल एवढ्या वाटेने?
मागे दोन नंबर एका लयीत चाललेला असतो.
बाबा, तुझं मशीन मला झोपवतं, ती म्हणते,
फोन ठेवू नकोस.

काल वारा दक्षिणेचा होता.
आदल्या रात्रीच मी सांगितलं होतं,
उद्या दार उघडायचं नाही. काचेमागूनच.
शप्पथ? शप्पथ.
सहाला वर गेलो. तीनदा टॉर्च.
काचेवर नुसता सूर्य होता.
ती मागे असेल. फडकं हलवत असेल.
मला दिसलं नाही.
मी चौथ्यांदाही लावला, ठरलेलं नसताना.

मग खाली उतरलो, कानांवर मफ चढवले
आणि दोन नंबर चालू केला.
पहिल्या झटक्यात लागला.
चीफ त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला,
म्हाताऱ्यात दम आहे अजून.