तेराव्या मिनिटाची चूक

हुडिक्सवालला नोव्हेंबरात तीन वाजताच दिवस मिटतो.
लाकडाच्या वखारीमागच्या खोलीत आम्ही चौघं,
अंगात कोट, बोटं कापलेले हातमोजे,
आणि मधोमध मेलोट्रॉनचं ते धूड,
तूवानं बंद पडलेल्या एका प्रार्थनाघरातून आणलेलं,
दोन पोती बटाटे आणि जुनी सायकल देऊन.

प्रत्येक पट्टीखाली एक फीत.
पट्टी दाबली की बासरी येते,
कुणीतरी कधीतरी फुंकलेली,
आणि आठ सेकंदांनी संपते.
पुढे काही नाही.
बोट उचला, फीत मागे जाऊ द्या, मग पुन्हा.
"दमेकरी आहे बिचारा," तूवा म्हणते.

आमच्या जन्माआधी वीस वर्षं निघालेली ती तबकडी.
दोनशे प्रती. एका बाजूला एकच रचना, एकोणीस मिनिटं.
आम्ही ती पाठ केली.
सात मात्रा, मग अकरा, मग एक पोकळी
जिथे मी काठी हवेत धरून थांबतो.
आणि तेराव्या मिनिटाला ती जागा:
बासरी अचानक बेसुराच्या काठावरून चालते,
पडत नाही.
महिनाभर भांडलो तिच्यावरून.
विल्गोट म्हणाला, यात जंगल आहे.
मी म्हणालो, शोक.
तूवा नुसती वाजवत राहिली.

शनिवारी सभागृहात एकतीस माणसं.
कॉफी फुकट होती.
मागच्या रांगेत सिक्स्टेन,
तबकडीवर ज्याची बोटं आहेत तो,
नंतर चाळीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवलेला.
तेरावं मिनिट आलं.
तूवानं ती जागा घेतली, हुबेहूब,
आणि म्हातारा हसला. चांगला मोठ्यानं.

नंतर, टोपी चुरगाळत:
"पोरी, हीटर बंद होता त्या दिवशी.
बोट गारठलेलं, शेजारच्या पट्टीवर घसरलं.
पुन्हा रेकॉर्ड करायला पैसे कुणाकडे होते?
त्या एका सुरापायी मी ती तबकडी
घरात कधी लावली नाही."

विल्गोटला एकाएकी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.
मी केबल गुंडाळत बसलो, आधीच गुंडाळलेली.
तूवानं विचारलं, मग बरोबर काय होतं?

तो बसला, कोट न काढता.
बरोबर सूर वाजवला.
आठ सेकंद.
चांगला होता. नीटनेटका,
कुठेच न जाणारा.

फीत खट्ट करून मागे गेली.
आमच्याकडे न बघता
त्यानं बोट शेजारच्या पट्टीवर नेलं,
या वेळी मुद्दाम.