प्रदत्त मत

यादीत सहाशे चौदावं नाव:
चौकेकर द्वारका सहदेव, वय एकाहत्तर, स्त्री.
नावाखाली लाल रेघ, शेजारी बरोबरची खूण.
म्हणजे येऊन गेली.

आणि ती तर समोर उभी.
कडक इस्त्रीची अबोली साडी,
ओळखपत्र रुमालाच्या गाठीत.
केईएमच्या लेबर वॉर्डात तीस वर्षं आया होते, म्हणाली,
"काळाचौकीची निम्मी यादी माझ्या हातावर जन्मलीय,
आणि माझंच नाव कोण घेऊन गेलं?"

मे महिना. पहिली ब-चा वर्ग.
पंखा फिरत होता तो फळ्यावरच्या सुविचारापुरता.
लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेले एजंट,
तिन्ही पक्षांचे,
एकाच वेळी बुटांच्या नाड्या बांधू लागले.

मी केंद्राध्यक्ष. एरवी
वीजबिलांच्या तक्रारी घेणारा कारकून.
पुस्तिका उघडली, बोटानं ओळ शोधली.
नियम होता.
याच्यासाठीही नियम होता, म्हणजे
ती काही पहिली नव्हती.

एक कागदी मतपत्रिका. बाणाच्या फुलीचा शिक्का.
पॅड सुकलेलं. त्यावर मी तोंडानं वाफ सोडली,
लहानपणी आरशावर सोडायचो तशी.

पुठ्ठ्याच्या आडोशाला ती गेली
आणि बराच वेळ आलीच नाही.
रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आजी, बाळंत होताय का?"
आतून उत्तर आलं,
"थांब रे. तुझ्या वेळेलाही थांबले होते."

कागद पाकिटात घालताना तिनं यंत्राकडे बघितलं.
"याचं पीप नाही वाजणार?"
नाही.
"पण मोजतात ना?"
मी लाखेची कांडी शोधत होतो.
"हो," म्हटलं, "जातं वर."

तिच्या बोटाला शाई लागली.
वस्तीत तेव्हा आणखी एक बोट होतं,
तिच्याच नावाची शाई लागलेलं.
पोळ्या लाटत असेल. किंवा नोटा मोजत.

मग निकाल. कुणालाच पुरेसे नाहीत.
दिल्लीत अकरा कमी, मग सात कमी,
मग रात्री दोनला एक अपक्ष,
ज्याला रेल्वे हवी होती आणि मत्स्यव्यवसाय मिळाला.
पाठिंब्याची पत्रं पाकिटांतून राष्ट्रपतींकडे गेली.
ती लगेच उघडली.

कॅन्टीनमध्ये आम्ही शपथविधी बघितला.
एकेक जण ईश्वराला साक्ष ठेवत होता,
माझ्या चहावर साय धरत होती,
आणि मला दिसत होतं कुठल्याशा गोदामातलं
लाखेचा वाकडा ठिपका असलेलं,
माझ्याच अक्षरातलं एक पाकीट.

आषाढ सरता सरता ती बाजारात भेटली,
सुके बोंबील निवडताना.
नखावरची शाई टोकाकडे सरकलेली.
तिनं काही विचारायच्या आतच
मी या वेळी खरं सांगून टाकलं:
उघडलं नाही. कोर्टानं सांगितलं तरच उघडतात.

ती रागावली नाही.
एक बोंबील नाकाशी नेला, परत टाकला.
"त्यांचं सरकार झालंसुद्धा," म्हणाली,
"आणि माझ्याचे अजून दिवस भरायचेत."

वर्षभरानं ती पाकिटं नष्ट करतात.
पुस्तिकेच्या पुढच्याच पानावर होतं ते.
मी तिची पिशवी उघडी धरली.

कोळीण चारचारच्या हातानं मोजत होती,
गप्पांत एक घास जास्तच पडला.
द्वारकाबाईनं चारही बोंबील उचलून पाटीत परत टाकले.
"असं नको," म्हणाली,
"पहिल्यापासून मोज."