डाग

सत्तावीस वर्षं मी श्वास रोखून काम केलं.
भोसरीतला कारखाना, दुसरी रांग, चौथं स्टूल.
रेडिओच्या पट्टीवर तारेचं टोक धरायचं,
तापलेली सळई, कथिलाचा थेंब,
आणि श्वास बंद.
सोडला की हात हलतो.
हात हलला की डाग कोरडा बसतो,
वरून चिकटलेला, आतून धरलेलाच नाही.

म्हणून नाझनीन जेव्हा म्हणते,
"काकू, श्वास सोडा,"
तेव्हा मला कळतच नाही, कुठून सोडायचा.

एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर, दर गुरुवारी चार वाजता
आम्ही नऊ जण चटयांवर पडतो.
दिवाळीआधी अकरा होतो.
नाझनीन सांगते, समुद्र डोळ्यांसमोर आणा.
माझ्यापुढे समुद्र येत नाही.
कॅन्टीन येतं, सव्वातीनचं,
साय धरलेला चहा,
आणि शकू डिंगोरे, चपलांतून पाय काढून बसलेली.
हिराबाई भिंताडेंना मार्केट यार्ड दिसतं, पहाटे चारचं,
टेम्पोभर ओली कोथिंबीर, भाव फुटायच्या आधीची.
"चालेल," नाझनीन म्हणते. "समुद्रच हवा असं नाही."

एकदा ती म्हणाली, गाठीशी बोलून बघा.
हिराबाई डोळे मिटूनच म्हणाल्या,
"काय बोलू? भाडं थकलंय तुजं, म्हनू?"
सगळे हसलो. टाके दुखेपर्यंत हसलो.
त्या दिवशी श्वास कुणीच मोजला नाही.

धाकटे दीर भेटायला येतात. मोसंबी आणतात.
म्हणतात, वहिनी, तुम्ही सगळं मनात धरून ठेवलंत,
म्हणून झालं हे.
मी मोसंबी सोलते.
रात्री मोजून पाहिलं, काय काय धरलं होतं:
कारखान्याच्या फाटकावरची नोटीस,
यांची बाटली, पिठाच्या डब्यामागे,
अनूची फी, दोनदा उसनी.
पण शकूनं तर माझ्या दुप्पट धरलं.
ती ठणठणीत आहे, तळेगावात नातवाला पोहायला नेते.

नाझनीनला विचारलं.
ती चटई गुंडाळता गुंडाळता थांबली.
"काकू, तुमच्यामुळे झालेलं नाही हे.
आणि माझ्या श्वासानं जाणारही नाही.
औषधं औषधांचं काम करतील.
हे फक्त मधल्या वेळासाठी."

मधला वेळ.
सुई शिरण्याआधीचा.
दवाखान्याचा नंबर दिसल्यापासून फोन उचलेपर्यंतचा.
रात्री अडीच ते पावणेपाच.
तेव्हा मी पोटावर तळहात ठेवते,
उजवा, सळईच्या चटक्याचा,
चार मोजत आत, सहा मोजत बाहेर.
कधी तीनवरच मोडतं. मग पुन्हा एक.
कधी मोजता मोजता खाली
दुधाचे क्रेट आपटल्याचा आवाज येतो,
म्हणजे पोचले.

परवा मशीनमध्ये घातलं.
भिंतीतून एका पोराचा आवाज: "श्वास रोखा."
हसूच आलं मला.
अरे, सांगतोस कुणाला?
असा रोखला की नखसुद्धा हललं नाही.
मग तो म्हणाला, "सोडा."
आणि सोडला.
खांदे खाली आले. जबडा सुटला.
त्या पांढऱ्या बोगद्यात, कुणी बघत नसताना,
मला जमलं.

एक लहानसा डाग दिसतोय, डॉक्टर म्हणाले.
आत्ताच काही सांगता येत नाही.
तीन महिन्यांनी पुन्हा बघू.
आमच्या रांगेत डाग म्हणजे जोडलेलं असायचं.
गार होईस्तोवर हलवू नकोस, सुपरवायझर सांगायचा,
फुंकर तर मुळीच मारू नकोस.

तीन महिने. म्हणजे तेरा गुरुवार.
जिन्यातूनच हिराबाईंना फोन केला.
म्हटलं, मला उशीर होईल,
खिडकीजवळची चटई तेवढी धरून ठेवा.